दिवसाउजेडी भुतांची पंगत



दिवाळीच्या आसपास इथे अमेरिकेत आणखी एक दिवस येतो, ३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन. दारोदारी भोपळे, झाडांना लटकवलेले सांगाडे, मुलांच्या अंगावर भुताखेतांचे कपडे. आपल्यापैकी ज्या परदेशात आहेत त्यांना हे नवं नाही. आणि आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्येही मुलं हा दिवस साजरा करतात, असं माझी बहीण सांगते. मग मुलं घरी येऊन म्हणतात, "आई, आपल्याकडे पण भुतांचं जेवण कर ना!" आणि आपण स्वयंपाकघरात उभ्या राहून विचार करतो, की आता ह्याचं काय करायचं?

ह्या वर्षी आम्ही ते जेवण केलं. त्याची पाककृती देतेच. पण त्याआधी ह्या जेवणावरून घरात जो विचार झाला तो सांगते, कारण जेवणापेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

आमची धाकटी आठ वर्षांची. गेल्या वर्षी ती वर्गातल्या एका मुलीकडे ह्याच दिवशी जेवायला गेली होती. मी डबा दिला होता. बाकीच्या मुलांच्या ताटात कायकाय गमतीचं होतं आणि ही आपली पोळी-भाजी खात बसली. तक्रार केली नाही तिनं. घरी येऊन एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी सगळ्यांना आपल्याकडे बोलवू या." ह्यावर थोरला, तो तेरा वर्षांचा, पटकन म्हणाला, "आपल्याकडे काय देणार? आपला धर्म म्हणजे नुसती 'नाही'ची यादी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही. बटाटा नाही, कांदा नाही, रात्री नाही, हे नाही, ते नाही. आपण मोठ्यांना त्या प्रत्येक 'नाही'मागचं कारण माहीत असतं, निदान असायला हवं. मुलांच्या कानावर फक्त 'नाही' पडत राहतं. म्हणून ह्या वर्षी मी ठरवलं, की भुतांचं जेवण करायचं. आणि जिथे 'नाही' म्हणावं लागेल तिथे कारण सांगायचं, मुलांना पटेल असं.

सांगलीहून सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. त्यांचा पहिला प्रश्न अगदी सरळ होता. "अगं, ह्यात कुणाची पूजाबिजा आहे का?" मी म्हटलं, "नाही आई. मुलं सोंगं घेतात, घरोघरी जाऊन गोळ्या मागतात, एवढंच." मग त्या म्हणाल्या, "पूजा नसेल तर मिथ्यात्वाचा प्रश्न नाही. बाकीचं बघू." मला हायसं वाटलं.

आता 'बाकीचं' म्हणजे काय ते बघा.

धाकटीनं मैत्रिणींकडून ऐकून पदार्थांची यादी आणली होती. पिठाची बोटं, त्यांना बदामाची नखं. लिचीचे डोळे, मध्ये काळं मनुकं. शेवयांचे किडे. लाल सॉसचं रक्त. मी एकेक पदार्थ तपासला. पीठ, बदाम, लिची, मनुका, शेवया, टोमॅटो. ह्यात कंदमूळ नाही, अंडं नाही, काहीच अभक्ष्य नाही. घटकांच्या हिशेबानं सगळं चालण्यासारखं. तरीही मन मानेना. हे ताटात वाढायचं आणि मुलांनी "मी डोळा खाल्ला, मी बोट तोडलं" म्हणत हसत खायचं?

धाकटीला म्हटलं, "हे नको." तिनं लगेच विचारलं, "पण आई, ते पीठच तर आहे ना?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, "अगदी हेच वाक्य चंद्रमतीनं म्हटलं होतं." आणि त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून यशोधराची गोष्ट सांगितली.

आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ती लहानपणी ऐकली असेल. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये संस्कृतात 'यशस्तिलक' लिहिलं ते ह्याच कथेवर, आणि जन्न कवीनं १२०९ मध्ये कन्नडात 'यशोधरचरिते' लिहिलं तेही. उज्जैनीचा राजा यशोधर. त्याला अशुभ स्वप्न पडल्याचं कळल्यावर त्याची आई चंद्रमती म्हणाली, देवीला पशूचा बळी दे. राजा म्हणाला, जीवहत्या मी करणार नाही. आईनं मधला मार्ग काढला. खरा कोंबडा नको, पिठाचा करू. राजानं मान तुकवली आणि पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवलं. रक्ताचा थेंब सांडला नाही, एकही जीव गेला नाही. पण मनात 'मी कोंबडा मारतो आहे' हा भाव होता. त्या भावानं कर्म बांधलं. पुढच्या जन्मी तो मोर झाला आणि त्याची आई कुत्री. त्यानंतरही मायलेक कितीतरी जन्म पशुयोनीत फिरले आणि प्रत्येक वेळी मारले गेले.

हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकतो. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. स्वयंपाक करताना, झाडलोट करताना जी होते ती आरंभी, ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. पण संकल्पी, म्हणजे मारण्याचा हेतू मनात धरून केलेली, ती श्रावकाला सोडावीच लागते. पिठाचा कोंबडा ह्या शेवटच्या प्रकारात बसतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत वाढदिवसाला सशाच्या किंवा माशाच्या आकाराचा केक आणत नाहीत, साखरेचे हत्ती-घोडे मुलांना खायला देत नाहीत, ते ह्याच कथेमुळे. शेजारच्या घरी कोहळा फोडतात तेव्हा आपल्या आज्ज्या तिथून बाजूला का व्हायच्या, तेही मला आता नीट कळलं. कोहळा बळीच्या जागी असतो.

गोष्ट संपल्यावर थोरला गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काय खातो यापेक्षा खाताना मनात काय आहे, ते मोजलं जातं?" मी म्हटलं, दोन्ही मोजलं जातं बाळा. पण तू म्हणतोस ते बरोबर आहे.

धाकटीचा पुढचा प्रश्न मात्र तयारच होता. "मग इडलीचं भूत? भूत तर खरं नसतंच!"

इथे गंमत आहे. आपल्याकडे भूत 'नसतंच' असं म्हणता येत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात व्यंतर देवांचे आठ प्रकार दिले आहेत. किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत आणि पिशाच. म्हणजे भूत हा देवगतीतला एक जीव. आपल्यासारखाच संसारात अडकलेला, आपल्यासारखंच आयुष्य संपणारा. फक्त आयुष्य मोठं, कमीत कमी दहा हजार वर्षांचं. हे ऐकून धाकटीचे डोळे मोठे झाले. "दहा हजार! मग ते जेवतात काय?" देवगतीत आपल्यासारखे घास घेऊन जेवणं नसतं, मनात इच्छा झाली की तृप्ती होते. आणि देव मांस-मद्य सेवन करतात असं म्हणणं हा देवांचा अवर्णवाद आहे, खोटी निंदा आहे, असं पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत सांगितलं आहे. म्हणजे रक्त पिणारं, माणसं खाणारं भूत हे आपल्या शास्त्रातलं भूत नाहीच!

तर भूत हा जीव. म्हणून इडलीला मिरीचे डोळे लावून भूत करायचं आणि त्याचा लचका तोडायचा, हेही नको. ह्याबाबतीत तुमच्या घरचं मत वेगळं असू शकेल. आमच्या घरापुरता नियम असा ठरला: चेहरा, डोळा, हात, जीव ताटात नाही. तो भिंतीवर, कागदावर, कपड्यावर चालेल. ताटात रात्र, चंद्र, धुकं, जाळं, पडका वाडा, जादूची कढई, जे भीतीदायक वाटेल पण ज्यात कुणाला मारल्याचा भाव नाही असं सगळं चालेल. हा नियम धाकटीनं स्वतःच्या हातानं लिहून फ्रिजला लावला.

दुसरी अडचण वेळेची. इथे न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्यास्त सहाला काही मिनिटं असताना होतो. सासूबाई दोन घटका आधी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं अगोदर जेवण संपवतात. म्हणजे पाचला सगळं आवरायला हवं. मी ऑफिसातून लवकर निघाले, मुलं शाळेतून आली आणि सव्वाचारला पानं मांडली. भुतांचं जेवण आणि बाहेर लख्ख ऊन!

थोरला म्हणाला, पडदे ओढू या. पण आपण दिवसा जेवतो ते कशासाठी? ताटात काय आहे, कुठला जीव पडला आहे का, ते दिसावं म्हणून. अंधार करून दिवसा जेवलं तर काय उपयोग? अंधाऱ्या जागी दिवसा जेवणंही रात्री जेवल्यासारखंच, असं माझी आजी म्हणायची. म्हणून पडदे उघडे ठेवले, वरचे दिवेही लावले. भीतीचं काम आवाजाकडे दिलं. थोरल्यानं दाराच्या कुरकुरीचा, वाऱ्याचा, घुबडाचा आवाज लावला आणि पदार्थ आणताना घोगऱ्या आवाजात त्यांची नावं पुकारली. पाहुण्या आलेल्या चार मुली किंचाळत होत्या. भर उजेडात!

आता पाककृती.

जाळ्यातलं सूप. अर्धा किलो लाल भोपळा, साल काढून, फोडी करून कुकरला दोन शिट्ट्या. गार झाल्यावर मिक्सरमधून काढायचा. तुपात जिरं, मिरपूड आणि चिमूटभर सुंठ, त्यात भोपळा आणि लागेल तसं पाणी, मीठ, एक उकळी. वाटीत वाढल्यावर नारळाच्या घट्ट दुधाची वर्तुळं काढायची आणि टूथपिक मधून बाहेर ओढायची, कोळ्याचं जाळं तयार. दह्याचं जाळं जास्त ठसठशीत येतं, पण पुढे मटाराची उसळ असल्यामुळे द्विदलाचा प्रश्न येतो, म्हणून नारळाचं दूध. जाळ्यात कोळी नाही. "तो घर सोडून गेलाय," असं धाकटीनं पाहुण्यांना सांगितलं.

अमावस्येचं घावन. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, मीठ, जिरं, पातळसर भिजवून लगेच घावन. आंबवायचं नाही. रंग छान काळपट येतो. वर पनीरचा पातळ तुकडा वाटीच्या कडेनं कापून चंद्राची कोर आणि पांढऱ्या तिळाच्या चांदण्या. अमावस्येला चंद्र कसा, असं थोरल्यानं विचारलंच. म्हटलं, म्हणूनच तर भीतीदायक आहे.

जादूची कढई. ताजे मटार अर्धे अख्खे, अर्धे हिरव्या मिरचीबरोबर वाटून. तेलात जिरं-हिंग, ओलं खोबरं, गरम मसाला. चातुर्मासात पालेभाजी घेत नाही म्हणून पालक-कोथिंबीर नाही, हिरवा रंग मटाराचाच. लोखंडी कढई झाकण ठेवून थेट टेबलावर न्यायची आणि सगळ्यांसमोर झाकण काढायचं. वाफेचा लोट आला की मुलं खूश. हिंग घेताना त्यात मैदा आहे की आणखी काही, ते वाचून घ्या.

भुतांचा वाडा. हा सगळ्यांना फार आवडला. आदल्या दिवशी ताज्या शंकरपाळ्या, चकल्या आणि करंज्या केल्या. ताटात शंकरपाळ्या गुळाच्या घट्ट पाकानं चिकटवून पडक्या भिंती उभ्या केल्या, चकल्यांच्या खिडक्या, मागे करंजीचा अर्धा चंद्र. मुलांनीच बांधला आणि मुलांनीच पाडून खाल्ला. इथल्या मुलींनी चकली पहिल्यांदाच खाल्ली. दोघींनी घरी न्यायला मागितली.

प्यायला कोकम सरबत, काळ्या पेल्यांतून, वाढताना वरून साधा सोडा ओतायचा म्हणजे फसफसतं.

दाराबाहेरच्या कोरलेल्या भोपळ्याविषयी एक माहिती मला फार आवडली. ही प्रथा आयर्लंड-स्कॉटलंडची, आणि तिथे आधी सलगम कोरायचे. लोक अमेरिकेत आले आणि त्यांना कोरायला सोपा भोपळा मिळाला. म्हणजे कंदमूळ जाऊन फळभाजी आली, आपल्या सोयीची! आम्ही भोपळ्यावर चेहऱ्याऐवजी चंद्र आणि चांदण्या कोरल्या, कारण आतला गर सूपात गेला होता. आत मेणबत्ती न ठेवता बॅटरीचा छोटा दिवा ठेवला, म्हणजे ज्योतीवर किडे येत नाहीत.

आता बाहेरून येणाऱ्या गोळ्यांविषयी, हे नीट वाचा. मऊ, रबरासारख्या गोळ्यांत आणि मार्शमेलोत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. लाल-गुलाबी रंगासाठी कार्माइन वापरतात, ते कोचिनील नावाच्या किड्यांपासून येतं. अमेरिकेत २०११ पासून ते वेष्टनावर नावानं लिहावं लागतं, त्यामुळे शोधता येतं. चकचकीत गोळ्यांवर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलेलं असेल तर ती लाख आहे, तीही किड्यांचीच. आमच्याकडे पिशवी रात्री उघडत नाही. सकाळी णमोकार म्हणून झाला की दोघं बसून वेष्टनं वाचतात आणि दोन ढीग करतात. न चालणारा ढीग ह्यांच्या ऑफिसात जातो आणि त्याच्या बदल्यात मुलांना एकेक पुस्तक. आमच्या दारी येणाऱ्या मुलांना आम्ही खाऊ देतच नाही, स्टिकर आणि पेन्सिली देतो. इथे काही घरांपुढे निळसर हिरवा रंगवलेला भोपळा असतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना कळावं म्हणून ती खूण, की ह्या घरी खाऊऐवजी वस्तू मिळेल. आम्हीही तोच ठेवला.

संध्याकाळी अंधार पडल्यावर धाकटी जुनी पांढरी चादर पांघरून निघाली. कुणी विचारलं की सांगायची, "मी व्यंतर आहे, माझं वय दहा हजार वर्षं." शेजारच्या आजोबांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी दोन गोळ्या जास्त दिल्या.

थोरल्यानं त्या रात्री सासूबाईंना विचारलं, "आज्जी, यशोधराचं शेवटी काय झालं?" सासूबाईंनी राहिलेली गोष्ट पुरी केली. कितीतरी जन्म भोगून तो आणि त्याची आई जुळी भावंडं म्हणून माणसाच्या जन्माला आली. लहान वयातच ती व्रती झाली. आहारासाठी गावात निघालेली असताना मारिदत्त राजाच्या माणसांनी त्यांना देवीपुढे बळी द्यायला पकडलं. राजानं तलवार उपसली, तरी दोघं शांत उभी. हे घाबरत कसे नाहीत, म्हणून राजानं विचारलं, तेव्हा त्यांनी आपल्या मागच्या जन्मांची ही सगळी हकिगत सांगितली. ऐकून राजानं बळी देणं कायमचं सोडलं. त्या भावंडांची नावं अभयरुची आणि अभयमती.

"दोघांच्याही नावात अभय," थोरला म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पुढच्या वर्षी मी माझ्या मित्रांना बोलावू?"

मी हो म्हटलं आहे. त्याचे मित्र सहा, आणि तेरा वर्षांची मुलं काय खातात ते तुम्हाला माहीत आहेच! तेव्हा मैत्रिणींनो, ह्या नियमात बसणारे तुमच्याकडचे पदार्थ मला जरूर कळवा. कंदमूळ नको, चेहरा नको, आणि पाचच्या आत होणारं हवं.

जय जिनेंद्र.